अंगठा, सही आणि पुन्हा अंगठा

ज्या लिपींत सरकार आपला कारभार लिहितें ती लिपी ज्या रयतेला येत नाहीं, त्या रयतेला आपल्याच घरादाराचा कागद दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागतो. हा नियम आजचा नव्हे. मोडी, फारसी, उर्दू, इंग्रजी अशा अनेक लिप्या व भाषा आपल्या कचेऱ्यांतून येऊन गेल्या; आणि प्रत्येकीच्या अमदानींत कागद लिहून देणारा व वाचून दाखविणारा असा एक मधला मनुष्य सुखानें नांदला. आज कचेरी संगणकांत गेली आहे, आणि कागदाच्या जागीं कांचेचा पडदा आला आहे. या नव्या लिपीच्या काळांत खेड्यांतील माणसाचें काय झालें, त्याला ती शिकविण्याचे कोणते प्रयत्न झाले व ते कोठवर पोंचले, याचा विचार एका जिल्ह्याच्या उदाहरणानें करावा असें आम्हीं योजिलें आहे. तो जिल्हा म्हणजे मराठवाड्यांतील हिंगोली.

हिंगोलीचें नांव पुण्यामुंबईकडील वाचकांस बहुधा औंढा नागनाथाच्या ज्योतिर्लिंगामुळें, किंवा नामदेवांचें जन्मगांव म्हणून मानल्या जाणाऱ्या नरसीमुळें ठाऊक असतें. ता. १ मे १९९९ रोजीं परभणी जिल्ह्याचा भाग निराळा काढून हा जिल्हा झाला. हिंगोली, सेनगांव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ हे त्याचे पांच तालुके. २०११ च्या शिरगणतींत येथील लोकसंख्या ११,७७,३४५ भरली. तींतील शेकडा ८५ च्या आसपास लोक खेड्यांत राहणारे. साक्षरांचें प्रमाण शेकडा ७८ च्या घरांत. सोयाबीन, कापूस व हळद हीं मुख्य पिकें. वसमतच्या हळदीच्या बाजाराचा लौकिक दूरवर आहे. २००६ सालीं मध्यवर्ती सरकारनें देशांतील २५० मागासलेले जिल्हे निवडून त्यांस विशेष निधि देऊं केला, त्यांत हिंगोलीचा समावेश होता. म्हणजे नवी विद्या शेवटीं पोंचावी अशाच ठिकाणांपैकीं हें एक ठिकाण होय.

परंतु या प्रांताचा लिपीशीं झगडा याहून पुष्कळ जुना आहे. हिंगोली निजामाच्या राज्यांत होती, आणि हैदराबाद कंटिंजंट नांवाच्या फौजेची छावणीही तेथें असे. त्या राज्यांत कचेरीची भाषा प्रथम फारसी व एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या भागापासून उर्दू होती. १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ निघालें, तेंही उर्दू माध्यमाचें. उर्दू ही भाषा म्हणून थोर आहे. तिच्याशीं आमचें कांहीं भांडण नाहीं. पण कयाधूच्या कांठचा कुणबी घरीं मराठी बोले, आणि त्याच्या जमिनीचा हुकूम मात्र त्याला न कळणाऱ्या अक्षरांत येई. खाजगी शाळा काढावयाची किंवा सभा भरवावयाची तर सरकारी परवानगी लागे. त्यामुळें मराठी शिक्षणही मंद गतीनेंच चाले. अशा स्थितींत अर्जनवीसावांचून गत्यंतर नसे. कचेरीच्या ओट्यावर बसून तो अर्ज लिही. रयत त्याच्यापुढें उकिडवी बसून आपली हकीकत सांगे. आणि अखेरीस कागदावर ‘निशाणी डाव्या हाताच्या अंगठ्याची’ उठे. अर्जांत नक्की काय लिहिलें आहे हें अर्जदाराखेरीज सर्वांस कळत असे.

ता. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें. १९५६ सालीं मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला, आणि १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानें मराठीला राज्यकारभारांत तिचें स्थान मिळालें. सातबाराचा उतारा, फेरफाराची नोटीस, न्यायालयाचें बोलावणें, हे सर्व कागद आतां मराठींत येऊं लागले. चार इयत्ता शिकलेला मुलगा बापाला कागद वाचून दाखवूं शके. अंगठ्याची सही झाली, ही त्या पिढीची मोठी मिळकत होती. ‘अंगठेबहाद्दर’ हा शब्द थट्टेचा झाला, यावरूनच सहीचा अभिमान किती होता हें दिसून येतें.

या काळांतील एका चळवळीचें स्मरण येथें करणें जरूर आहे, कारण तिच्यांतील धडा पुढें उपयोगी पडणार आहे. १९५९ सालीं सातारा जिल्ह्यांत ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, आणि थोड्याच काळांत ती राज्यभर पसरली. प्रौढांना गांवच्याच शिक्षकांनीं व शिकलेल्या मुलांनीं रात्रीं शिकवावें, आणि सारा गांव साक्षर झाला म्हणजे समारंभ करून तसें जाहीर करावें, अशी तिची पद्धति होती. उत्साह खरा होता, कामही खरें होतें. पण समारंभ आटोपल्यावर वाचावयाला पुस्तक नाहीं, लिहावयाला प्रसंग नाहीं. तेव्हां शिकलेलीं अक्षरें अनेकांच्या हातून पुन्हां निसटून गेलीं. अक्षरज्ञान हें एकदां भरून ठेवण्याचें धान्य नव्हे. तें रोज वापरलें तरच टिकतें, हा त्या मोहिमेचा निष्कर्ष होय.

सहीची मिळकत पुरती हातीं येते न येते तोंच नवी लिपी आली. मध्यवर्ती सरकारचें राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र १९७६ सालीं स्थापन झालें होतें; १९८० नंतरच्या दशकांत त्यानें जिल्ह्याजिल्ह्याचीं मुख्य ठिकाणें उपग्रहाच्या साह्यानें जोडण्यास आरंभ केला. त्याच सुमारास कानपूरच्या तंत्रविद्या संस्थेंत भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचें काम झालें, व १९८८ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें तें पुढें चालविलें. संगणकाला देवनागरी येऊं लागली ती या खटपटीमुळें. ता. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें सामान्य लोकांसाठीं इंटरनेट खुलें केलें; परंतु आरंभीं तें मुंबई, दिल्ली यांसारख्या महानगरांपुरतेंच होतें.

खेड्यांत संगणक नेण्याचा महाराष्ट्रांतील पहिला मोठा प्रयोग १९९८ सालीं वारणानगरच्या परिसरांत झाला. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे सत्तर गांवांत संगणक बसविण्यांत आले. त्यांवरून शेतकऱ्याला बाजारभाव, शेतीचा सल्ला, सरकारी योजना असें सारें ज्ञान मिळेल अशी कल्पना होती. प्रत्यक्षांत शेतकरी विचारी तें इतकेंच कीं, माझा ऊस किती भरला आणि पैसे केव्हां मिळणार. पुढें कांहीं गांवांत संगणकांच्या ऐवजीं साध्या मोबाईलवरील संदेशांनीं हीच माहिती देऊन पाहिली, आणि शेतकऱ्याचें काम भागलें. या प्रयोगास कोणी अपयश म्हणोत. आमच्या मतें त्यानें एक मौल्यवान गोष्ट शिकविली. माणूस यंत्र शिकावयास येत नाहीं. आपलें काम करून घ्यावयास येतो, आणि कामाच्या ओघांत यंत्र शिकतो.

२००१ सालीं महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालें, आणि २००२ पासून त्याचा ‘एम्‌एस्‌-सीआयटी’ हा अभ्यासक्रम सुरू झाला. त्याची केंद्रें तालुक्यातालुक्यांत निघालीं. शिक्षण मराठींतूनही मिळे, फी मध्यम वर्गास झेपेल अशी असे, आणि सरकारी नोकरीसाठीं हें प्रमाणपत्र लागूं लागल्यामुळें विद्यार्थ्यांची रीघ लागली. लक्षावधि तरुण-तरुणींनीं संगणकाचा पहिला स्पर्श या वर्गांतच अनुभविला, हें श्रेय लहान नाहीं. तथापि हा वर्ग नोकरीच्या उमेदवारांचा होता. उमेदवाराची आई त्या वर्गांत येत नसे, व बापही येत नसे. त्याच २००२ सालीं केरळांत मलप्पुरम जिल्ह्यांत ‘अक्षय’ नांवाचा उपक्रम सुरू झाला. तेथें प्रत्येक कुटुंबांतील निदान एका माणसानें संगणक हाताळावा असा संकल्प होता. आमच्याकडे प्रमाणपत्र हें ध्येय झालें, तिकडे कुटुंब हें ध्येय झालें. दोहोंतील हा फरक पुढील वीस वर्षांत अधिकाधिक स्पष्ट होत गेला.

इतक्यांत सरकारचा कारभारही पडद्यावर जाऊं लागला. २००६ सालीं मध्यवर्ती सरकारनें सामायिक सेवा केंद्रांची योजना मंजूर केली. महाराष्ट्रांत महा ई-सेवा केंद्रें निघालीं. २०११ पासून ‘संग्राम’ योजनेंतून ग्रामपंचायतींत संगणक व तो चालविणारा तरुण आला. पुढें या सर्वांस ‘आपले सरकार सेवा केंद्र’ हें नांव मिळालें. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमानें उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासाचा दाखला ठराविक मुदतींत मिळणें हा नागरिकाचा हक्क ठरला. कायदा उत्तम आहे, यांत संशय नाहीं. जो दाखला मिळविण्यासाठीं पूर्वी जिल्ह्याच्या गांवीं चार खेपा होत, तो आतां जवळच्या केंद्रांत मिळूं लागला. परंतु बारकाईनें पाहिलें तर ओटा गेला आणि बाक आलें, एवढाच पालट पुष्कळांच्या बाबतींत झाला. पडदा केंद्रचालकाकडे तोंड करून असतो; अर्जदार त्याच्या पाठीमागच्या बाजूस बसतो. चालक बहुधा भला व कष्टाळू असतो, हें आम्ही मुद्दाम सांगतों. त्याचीही मिळकत बेताचीच असते. दोष त्याचा नव्हे, त्या रचनेचा आहे.

या रचनेची खरी परीक्षा २०१७ च्या पावसाळ्यांत झाली. राज्य सरकारनें छत्रपति शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना या नांवानें कर्जमाफी जाहीर केली, आणि प्रत्येक कर्जदार शेतकऱ्यानें तिच्यासाठीं संगणकावरून अर्ज भरावा असें ठरविलें. जुलै ते सप्टेंबर, म्हणजे ऐन खुरपणीफवारणीचे दिवस. आधार क्रमांक, बँकेचें खातें, कर्जाची तारीख, आणि ओळख पटविण्यासाठीं अंगठा, इतका प्रपंच होता. राज्यभर केंद्रांपुढें रांगा लागल्या. कोठें जोडणी तुटे, कोठें नांगर धरून झिजलेल्या अंगठ्याच्या रेषा यंत्राला उमटत नसत. मराठवाड्यासारख्या कर्जानें गांजलेल्या प्रांतांत एका अर्जावर सबंध घराचा पुढील हंगाम अवलंबून होता, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या रांगेंतील माणसाची कळ समजते. विशेष हें कीं, त्या रांगेंत सही करणारेही होते. शाळेंत शिकलेले, वर्तमानपत्र वाचणारे लोक पुन्हां डावा-उजवा अंगठा पुढें करून उभे होते. आजोबांचा अंगठा वडिलांनीं सहीनें पुसला होता. नातवानें तो पुन्हां उमटविला.

२०१९ च्या डिसेंबरांत महात्मा जोतीराव फुले यांच्या नांवानें दुसरी कर्जमाफी निघाली, तेव्हां अर्ज मागविण्यांत आले नाहींत. बँकांकडील माहितीवरून याद्या लागल्या, आणि शेतकऱ्यानें केवळ आपली ओळख पटवून द्यावयाची होती. पहिल्या वेळच्या हालांतून हा शहाणपणा आला असावा. परंतु यांतून एक कटु प्रश्नही उभा राहतो: ज्या माहितीसाठीं लाखों लोकांस रांगेंत उभें केलें, ती सरकारजवळ व बँकांजवळ आधींच होती ना? जें सरकारला स्वतः करतां येतें तें नागरिकाकडून करवून घेणें, याला आम्ही साक्षरतेचा प्रसार म्हणत नाहीं.

शिकविण्याचा सरकारी प्रयत्नही याच सुमारास झाला. २०१७ च्या फेब्रुवारींत प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान मंजूर झालें. खेड्यांतील सहा कोटि घरांतून प्रत्येकीं एक माणूस शिकवावयाचा, शिक्षण वीस तासांचें, आणि तें फुकट. मार्च १९२४ नव्हे, मार्च २०२४ अखेर हें अभियान संपलें, तेव्हां सहा कोटींहून अधिक लोकांस शिकविल्याची नोंद झाली होती. संख्या डोळे दिपविणारी आहे. परंतु घरटी एक माणूस म्हणजे कोण, हा प्रश्न विचारला पाहिजे. ज्याच्या हातीं मोबाईल आहे, ज्याला केंद्रापर्यंत जाण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं, तोच बहुधा पुढें होतो. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील शंभर पुरुषांपैकीं सुमारे ६१ जणांनीं, तर शंभर स्त्रियांपैकीं सुमारे ३८ जणींनींच कधीं ना कधीं इंटरनेट वापरल्याचें आढळलें. घरांत एक दिवा लागला म्हणजे साऱ्या खोल्यांत उजेड पडतोच असें नाहीं.

तारेचीही कथा अशीच आहे. २०११ सालीं देशांतील सर्व ग्रामपंचायती प्रकाशतंतूंच्या तारेनें जोडण्याची योजना मंजूर झाली. तिलाच पुढें भारतनेट हें नांव मिळालें. तार पंचायतीच्या दारापर्यंत नेण्याचें हें काम; तेथून घरापर्यंतचें अंतर मात्र तिच्या हिशेबांत मागाहून आलें. तें अंतर प्रत्यक्षांत भरून काढलें तें २०१६ नंतर स्वस्त झालेल्या मोबाईलच्या इंटरनेटनें. एका वर्षांत इंटरनेट चैनीची वस्तु न राहतां मीठमिरचीच्या यादींत आलें. २०१७ सालीं गूगलनें मराठींत बोलून लिहिण्याची सोय दिली. ज्याला अक्षर लिहितां येत नाहीं तोही आतां आपल्या बोलींत प्रश्न विचारूं शकतो, ही गोष्ट लिपीच्या इतिहासांत अपूर्व आहे. मात्र याच वाटेनें फसविणारेही घरांत शिरले. फोनवर आलेला गुप्त आंकडा दुसऱ्यास सांगूं नये, हा आजच्या साक्षरतेचा पहिला धडा म्हटला पाहिजे.

मधला माणूस दूर करण्याचा एक सरकारी प्रयत्न मात्र आमच्या मतें विशेष लक्ष देण्यासारखा आहे. ता. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी सातबाऱ्यावरील पिकाची नोंद तलाठी करी. आतां शेतकऱ्यानें स्वतः बांधावर उभें राहून मोबाईलनें पिकाचें छायाचित्र घ्यावें व नोंद करावी अशी योजना झाली. कागदावर आपलें पीक आपण लिहावें, यापरतें स्वराज्य कोणतें! परंतु हक्क देतांना विद्या न दिली तर हक्काचें ओझें होतें. वसमतच्या शेतांत हळद डोलत असतां जर पिकाचा रकाना कोरा राहिला, तर कर्ज, भरपाई, सरकारी खरेदी या प्रत्येक ठिकाणीं तो कोरेपणा आड येतो. म्हणून ज्याला नोंद जमत नाहीं तो शेजारच्या मुलाला दहा-वीस रुपये देऊन ती करवून घेतो, आणि अर्जनवीस ओट्यावरून उठून बांधावर येतो.

कोणी म्हणेल कीं मागासलेल्या जिल्ह्यांतील म्हाताऱ्याकोताऱ्यांना हें शिकविणें अशक्यच आहे. त्यांस आमचें उत्तर दोन प्रकारचें आहे. पहिलें असें कीं, याच हिंगोली जिल्ह्यांत, औंढा तालुक्यांतील दुधाळा गांवाजवळ, कृष्णविवरांच्या टकरींतून उठणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो वेधशाळा उभारण्याचें ठरलें आहे. चार चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांच्या या यंत्रासाठीं २०२३ सालीं सुमारे २,६०० कोटि रुपये मंजूर झाले. विश्वाच्या पलीकडच्या टोकाची कुजबूज जेथें ऐकावयाची, तेथील शेतकरणीला आपला सातबारा पाहण्यास शिकवितां येत नाहीं, असें म्हणणें शोभत नाहीं. दुसरें उत्तर अनुभवाचें आहे. केरळांत तिरुवनंतपुरम जिल्ह्यांतील पुल्लमपारा या पंचायतीनें रोजगार हमीच्या कामावरील बायकांना कामाच्या जागींच मोबाईल वापरण्यास शिकविलें, आणि २०२२ सालीं सारी पंचायत या विद्येंत साक्षर झाल्याचें जाहीर झालें. हीच पद्धति राज्यभर नेऊन २०२५ च्या ऑगस्टांत केरळानें तशी घोषणा केली. शिकणारांत शंभरी गांठलेले वृद्धही होते. रोजगार हमीची कल्पना मूळ आमची. १९७२ च्या दुष्काळांत ती महाराष्ट्रांत रुजली, व १९७७ सालीं तिचा कायदा झाला. जी शाळा आमच्याच मातींतून निघालेल्या कामावर केरळानें भरविली, ती आम्हांस भरवितां येऊं नये काय?

मग हिंगोलींत काय करावें? आमच्या सूचना साध्या आहेत. शिकवणी माणसाच्या कामापासून सुरू व्हावी: स्वतःचा सातबारा, स्वतःचें बँकेचें खातें, स्वतःच्या पिकाची नोंद. शिकवणीची जागा बचत गटाची बैठक, शाळेचा व्हरांडा किंवा गांवचें ग्रंथालय असावी. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळें महाराष्ट्रांत गांवोगांवीं ग्रंथालयें झालीं आहेत, त्यांच्या एका मेजावर मोबाईल शिकविणारी आठवी-नववींतील मुलगी बसली तर पुस्तकांचा मान कमी होणार नाहीं. शिकविणें वीस तासांनीं संपूं नये. सातारच्या मोहिमेनें दाखविल्याप्रमाणें समारंभानंतरचें वर्षच महत्त्वाचें असतें. आणि सेवा केंद्रांतील पडदा अर्जदाराच्या बाजूस वळवावा. चालकानें अर्ज भरतांना प्रत्येक ओळ वाचून दाखवावी, मगच अंगठा घ्यावा. या एका गोष्टीस पैसा लागत नाहीं.

पुण्यामुंबईंत राहणाऱ्या आमच्या वाचकांपैकीं अनेकांचें गांवाकडे कोणी ना कोणी आहे. आपण सुटींत जातों, काकूंच्या मोबाईलवरचें काम दोन मिनिटांत स्वतः उरकतों, आणि परततों. ही मदत खरी, पण ती अर्जनवीसाचीच मदत आहे. पुढल्या खेपेस मोबाईल काकूंच्याच हातीं ठेवावा, आपण शेजारीं बसावें, आणि दोन मिनिटांच्या कामास अर्धा तास लागूं द्यावा. त्या अर्ध्या तासाअखेर काकूंनीं स्वतः पाहिलेला आपल्या शेताचा उतारा, ही त्यांची नवी सही होय.